'एफसिंक'चा फसवा होकार

संगणकातील एखाद्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये माहिती लिहिली, की ती तत्क्षणी हार्डडिस्कवर पोहोचते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टीम ती आधी मेमरीत ठेवून घेते, प्रोग्रॅमला 'काम झाले' असे कळवते आणि नंतर सवडीने डिस्कवर उतरवते. डिस्क मेमरीपेक्षा फार संथ असल्याने ही तजवीज आवश्यकच असते. पण मधल्या काळात वीज गेली, तर माहितीही जाते. म्हणून डेटाबेससारखे प्रोग्रॅम 'एफसिंक' ही आज्ञा वापरतात. या फाइलचे जे काही मेमरीत आहे ते डिस्कवर उतरव आणि मगच उत्तर दे, असा तिचा अर्थ. या उत्तरावर कितपत विसंबावे, हा प्रश्न २०१८ च्या मार्चमध्ये ऐरणीवर आला.

'पोस्टग्रेस' हा जगभर वापरला जाणारा मुक्तस्रोत डेटाबेस. त्याच्या विकासकांपैकी क्रेग रिंगर यांनी एक धक्कादायक बाब सहकाऱ्यांच्या निदर्शनास आणली. लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरल्यानंतर तीच आज्ञा पुन्हा दिली, तर ती यशस्वी झाल्याचे उत्तर येते. मात्र आधी फसलेली माहिती डिस्कवर गेलेलीच नसते. याचे कारण असे, की लेखन फसले तरी लिनक्सच्या प्रमुख फाइल सिस्टीम मेमरीतील त्या पानावर 'लिहून झाले' अशी खूण करतात आणि चूक एकदा कळवली की विसरून जातात. दुसऱ्या वेळी लिहिण्यासारखे काही उरलेलेच नसल्याने होकार मिळतो.

पोस्टग्रेसच्या कार्यपद्धतीत हा होकार घातक होता. हा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत टिपतो आणि मग मूळ फाइलींत उतरवतो. ठरावीक काळाने सर्व फाइलींवर एफसिंक केले जाते. ते यशस्वी झाले, की नोंदवहीतील जुनी पाने निकालात निघतात. चूक आली तर पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करीत असे. दुसऱ्या वेळी खोटा होकार मिळाला, की मूळ फाइल अपुरी आणि नोंदवहीतील प्रतही गेलेली, अशी अवस्था होई. सुमारे २० वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

लिनक्सच्या बाजूनेही युक्तिवाद होता. एखाद्याने पेन ड्राइव्ह लेखन चालू असताना उपटून नेला, तर त्याची माहिती मेमरीत किती काळ सांभाळायची? अशी पाने साचत गेली, तर मेमरी संपून संपूर्ण संगणकच ठप्प होईल. हे म्हणणे बिनबुडाचे नाही. फ्रीबीएसडी ही प्रणाली मात्र फसलेली पाने 'अजून लिहायची आहेत' अशीच ठेवते, त्यामुळे तेथे पुन्हा केलेल्या प्रयत्नाला अर्थ असतो. शिवाय मेमरी मोकळी करणे ही एक गोष्ट आणि घडलेले नुकसान विसरणे ही दुसरी. या फाइलमधील माहिती गमावली आहे, एवढी खूण ठेवायला मोजके बाइट पुरतात. ती खूण असेपर्यंत प्रत्येक एफसिंकला नकार मिळणे, हेच प्रोग्रॅमच्या दृष्टीने प्रामाणिक उत्तर ठरले असते.

चूक कोणाला कळवायची, हाही पेच होताच. पूर्वी ती जो प्रथम विचारील त्याला कळे. इतरांना पत्ताही लागत नसे. २०१७ मधील लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तीत जेफ लेटन यांच्या कामामुळे, चूक घडताना ज्यांनी ज्यांनी फाइल उघडलेली असेल त्या प्रत्येकाला ती एकदा कळू लागली. पण पोस्टग्रेसमध्ये लिहिणारी प्रक्रिया वेगळी आणि एफसिंक करणारी वेगळी. दुसरीने फाइल नंतर उघडली, तर तिच्या कानी काहीच पडत नसे. ४.१७ मध्ये, चूक कोणीच पाहिली नसेल तर ती नंतर फाइल उघडणाऱ्याला कळावी, अशी सुधारणा झाली.

पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत पुन्हा प्रयत्न करणे सोडून दिले. एफसिंक फसले, की डेटाबेस स्वतःहून कोसळतो आणि पुन्हा सुरू होताना नोंदवहीवरून सर्व बदल नव्याने लिहून काढतो. उपाय ओबडधोबड असला, तरी नोंदवही शाबूत असताना माहिती परत मिळवण्याचा तो मार्ग आहे.

त्यालाही मर्यादा आहेतच. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ईएक्सटी-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तीन फाइल सिस्टीम तपासल्या. लेखन फसल्यावर पहिल्या दोहोंच्या मेमरीत नवा मजकूर राहतो, तर बीटीआरएफएस जुन्या मजकुराकडे परतते. म्हणजे त्याच चुकीनंतर प्रोग्रॅमला काय वाचायला मिळेल, हे फाइल सिस्टीमगणिक बदलते. ईएक्सटी-४ च्या एका पद्धतीत तर पहिल्या एफसिंकला होकार मिळतो आणि चूक पुढच्या खेपेस कळते. ही पद्धत मुद्दाम निवडल्याखेरीज लागू होत नाही, एवढाच काय तो दिलासा.