सुरू झालेले काम थांबवायचे कसे?

परीक्षेचा निकाल शोधताना संगणकावरचे पान लवकर उघडत नाही, म्हणून आपण ते बंद करतो. आपल्या लेखी काम संपले. पण पलीकडच्या डेटाबेसमध्ये तो शोध चालूच राहू शकतो! मग तो थांबवायचा कोणी?

१९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची साधने सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस व त्यांच्या सहकाऱ्यांचा मायएसक्यूएल हा डेटाबेस जन्मला. पुढे दोघांची जोडी जमली, पण स्वभाव मात्र निराळे. पान तयार झाले की पीएचपीचा प्रोग्राम संपतो. डेटाबेस अखंड जागा असतो. प्रत्येक जोडणीला तो क्रमांक देतो आणि तिच्यासाठी जागा राखतो. या जागा मोजक्याच. मूळ मांडणीत पूर्वी १००, आता १५१.

दर पानाला नवी जोडणी करण्यात वेळ जातो. म्हणून जोडणी उघडीच ठेवून पुढच्या पानाला देण्याची युक्ती निघाली. पण आधीच्या प्रोग्रामने तक्त्याला लावलेले कुलूप आता पुढच्याच्या गळ्यात पडू लागले. शिवाय रिकामी बसलेली जोडणी मूळ मांडणीनुसार २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तुटते. तोवर जागा अडलेली आणि नवा वाचक दाराबाहेर!

अशा वेळी 'शो प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा चालू जोडण्यांची यादी दाखवते आणि 'किल' नेमकी एक तोडते. २००४ च्या पीएचपी ५ मध्ये त्यासाठी 'मायएसक्यूएलआय_किल' हे फंक्शन आले. २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून उघडी जोडणी पुढच्याला देण्याआधी साफ होऊ लागली.

'किल' हे नाव क्रूर, पण कृती तशी नाही. डेटाबेस त्या कामावर फक्त थांबण्याची खूण करतो. काम ठरावीक टप्प्यांवर ती खूण पाहते आणि आवराआवर करून थांबते. समजा, एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्यात जमा व्हायची आहे आणि जोडणी तुटली. इनोडीबी पद्धतीच्या तक्त्यांत अर्धा व्यवहार मागे घेतला जातो. बदल मोठा असेल, तर मागे घ्यायलाही बराच वेळ लागतो.

२०२४ च्या पीएचपी ८.४ ने ते फंक्शन कालबाह्य ठरवले; थेट 'किल' ही आज्ञाच पाठवावी, असे सुचवले. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला. वर्गात प्रोग्राम सुरू करायला आपण शिकवतोच. तो मध्येच थांबवला तर मागे काय उरेल, हेही मुलांना विचारून पाहावे.