यवतमाळ ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

विमानाने मुंबई किती लांब, या प्रश्नाचे उत्तर यवतमाळकरांना सरळ मिळत नाही. नकाशावर यवतमाळ ते मुंबई सरळ रेषेतील अंतर सुमारे ५७० किलोमीटर भरते. जेट विमानाला एवढा पल्ला जेमतेम तासाभराचा. परंतु जिल्ह्यातून मुंबईसाठी नियमित प्रवासी विमानसेवा नाही. यवतमाळला विमानतळ आहे; २००९ मध्ये राज्य शासनाने नांदेड, लातूर, बारामती व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील विमानतळांसमवेत तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे सोपविला. प्रवाशांची गरज मात्र आजही नागपूरच भागविते.

नागपूरमार्गे

नागपूर हे यवतमाळच्या ईशान्येस, म्हणजे मुंबईच्या विरुद्ध दिशेला आहे. रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर उलटे जाऊन मग विमान पकडायचे. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ५१ मिनिटांत संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास दाखविला जातो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, आरोहण, अवरोहण आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्यासाठीची प्रतीक्षा, हे सारे त्यात येते.

आता घरापासूनचा हिशेब मांडू. नागपूरपर्यंत तीन तास, विमानतळावर दीड तास आधी हजेरी, दीड तासाचे उड्डाण आणि सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. एकूण साडेसहा तास. त्यात प्रत्यक्ष विमानप्रवास एक चतुर्थांशाहूनही कमी!

अमरावतीचा पर्याय

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. येथील धावपट्टी १,८५० मीटरची असून सेवेसाठी एटीआर-७२ हे पंख्याचे विमान योजण्यात आले. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. त्यामुळे अंतर सुमारे ५४० किलोमीटरच असूनही पावणेदोन तास लागतात. विमान संथ असले तरी बेलोरा यवतमाळपासून रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि रस्त्यावर वाचलेला वेळ आकाशातील विलंबापेक्षा मोठा ठरतो. अडचण फेऱ्यांची. आरंभी ही सेवा आठवड्यातून तीनच दिवस होती. म्हणून निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक पाहणे अगत्याचे.

रेल्वे आणि रस्ता

मुंबई-हावडा मार्गावरील धामणगाव हे यवतमाळकरांचे जुने रेल्वेस्थानक. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नियोजित मार्गापैकी वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीचा वापरात आला. तो यवतमाळ जिल्ह्यातून जात नसला, तरी शेजारच्या वर्धा, अमरावती व वाशीम जिल्ह्यांतून जातो.

मुंबईत उपचारासाठी निघालेल्या रुग्णाला किंवा मंत्रालयात ठरल्या वेळी पोहोचू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला उड्डाणाची मिनिटे मोजून भागत नाही. त्याने वेळ मोजावी ती घराच्या उंबरठ्यापासून.