मायावी (संगणक आज्ञावली)

मायावी : वैज्ञानिक आकडेवारीची त्रिमितीय चित्रे काढणारी, पायथन भाषेतील मुक्तस्रोत आज्ञावली. कर्ते प्रभू रामचंद्रन, पवईच्या आयआयटी मुंबईत एरोस्पेस अभियांत्रिकीचे प्राध्यापक. पहिली आवृत्ती २००१ साली आली. तेव्हा ते मद्रासच्या आयआयटीत संशोधक विद्यार्थी होते.

चित्र काढण्याचे मूळ काम व्हीटीके ही सी++ मधील अवाढव्य लायब्ररी करते. पण ती थेट वापरायची तर स्रोत, फिल्टर, मॅपर, अ‍ॅक्टर, रेंडरर असे एकेक घटक हाताने जोडत बसावे लागते. मायावीने ही सगळी जुळवाजुळव आपल्या पोटात घेतली. खोलीतील हजारो बिंदूंचे तापमान एका त्रिमितीय अ‍ॅरेत असेल, तर ‘एमलॅब’ विभागातील ‘कंटूर३डी’ या एका हाकेत समान तापमानाचे पृष्ठभाग पडद्यावर उभे राहतात. माउसने ते फिरवता येतात, छेद देणारे प्रतल हवे तिथे सरकवता येते. शिवाय मेनूतून केलेल्या करामती पायथनच्या ओळींत नोंदवून ठेवण्याची सोय आहे. आज माउसने नेमके काय केले ते उद्या आठवत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सोयीचे मोल कळेल.

मायावीचा दुसरा अवतार अमेरिकेतील एन्थॉट कंपनीच्या सहकार्याने घडला. त्यासाठी रामचंद्रन यांनी व्हीटीकेला पायथनच्या वळणावर आणणारी ‘टीव्हीटीके’ लायब्ररी लिहिली. गाएल वारोको यांचाही या कामात मोठा वाटा आहे. दोघांचा मायावीवरील लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हा दुसरा अवतार बीएसडी परवान्याखाली खुला आहे. साध्या आलेखासाठी मात्र मायावीच्या वाटेला जाऊ नये, तिथे पायथनचीच मॅटप्लॉटलिब लायब्ररी पुरते.

रामचंद्रन यांच्या इतर आज्ञावल्याही संशोधनाच्या गरजेतून निघाल्या. ‘पायएसपीएच’ ही सहकाऱ्यांसह उभारलेली चौकट द्रवाला कणांचा समूह मानून प्रवाहाचे गणित करते. ही पद्धत मुळात १९७७ मध्ये खगोलशास्त्रासाठी निघाली. आता फुटलेल्या धरणाचे पाणीही तिने अभ्यासतात. समीकरणे साध्या पायथनमध्ये लिहायची, वेगवान कोड आज्ञावली स्वतः तयार करते. कोड तयार करणारा हा भाग पुढे ‘कंपाइल’ नावाने वेगळा काढला गेला. ‘ऑटोमॅन’ ही आज्ञावली शोधनिबंधातील सगळी गणिते व आकृत्या एका आदेशात पुन्हा घडवते. निबंधातला आलेख नेमका कसा काढला, हे लेखकालाच सांगता येत नाही अशी उदाहरणे थोडी नाहीत, त्यामुळे या यादीत तीच सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल.

आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ या मुक्तस्रोत आज्ञावलींच्या प्रकल्पात रामचंद्रन पायथनचा प्रसार करत असताना ‘यक्ष’ ही ऑनलाइन परीक्षा प्रणाली तयार झाली. विद्यार्थ्याने लिहिलेला कोड ती स्वतः चालवून पाहते आणि गुण देते. संस्कृत नावे ठेवण्याची हौस इथेही दिसते.