पाण्याचा जमा-खर्च आणि सातवे व्रत



प्रतिक्रमणात आपण बारा व्रतांचे अतिचार म्हणतो. सातव्या व्रतात उपभोगाची मर्यादा आहे आणि त्यातच श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांतले एक फोडीकर्म, जमीन खणणे-फोडणे. दुसरे, सरोवरे आणि तळी सुकवणे. मग पाणी मुरवण्यासाठी डोंगरावर चर खणणे कशात बसते? या प्रश्नासाठी आपल्याच नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

नगर तालुक्यातले हे गाव पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. एके काळी पैलवानांसाठी ओळखले जाणारे हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेले. डोंगर बोडके झाले, पाऊस पडला की पाण्याबरोबर मातीही वाहून जाई. विहिरी आटल्या, माणसे पुण्या-मुंबईकडे कामाला गेली.

१९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. ते एम.कॉम. झालेले, हे वाचून माझ्यातल्या बी.कॉम.ला बरे वाटले! पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ पासून केलेले काम समोर होतेच. पुढे हिवरे बाजार शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले आणि श्रमदानाने डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले.

चर उताराला आडवा आणि समपातळीत हवा. उभा खोदला तर त्याचाच ओहोळ होतो. निघालेली माती खालच्या कडेला बांध म्हणून लावायची आणि त्यावर गवत, झाडे वाढू द्यायची. पाणी थांबते, माती तिथेच बसते, पाणी जमिनीत मुरते. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे. आधी खालचा बंधारा बांधला तर तो गाळानेच भरतो. सोबत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही केली.

एवढी झाली जमेची बाजू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, म्हणजे ४०० मिलिमीटरचे जवळजवळ ३९० कोटी लिटर. त्यातले काही उडून जाते, काही वाहून जाते. उरलेल्याचा हिशेब गाव दरवर्षी ग्रामसभेत मांडते. पिण्याचे पाणी आधी, मग पिके. पाऊस कमी असेल तर पिकांना कात्री. ऊस आणि केळी नाहीत, शेतीसाठी बोअर नाही.

मला यातच उत्तर दिसते. शास्त्राचा निर्णय साधू-साध्वीजींनी द्यावा, पण चर खणताना जीवहिंसा होते हे नाकारू नये. म्हणून तो लागेल तेवढाच आणि जपून खणावा. मात्र खोल बोअर घेऊन सगळ्या शिवाराचे पाणी एकट्याच्या उसाला ओढणे, हे मला आजचे तळे सुकवणेच वाटते. चर पुष्कळ गावांत खणले गेले. उपशाला मर्यादा घातली नाही, तर मुरलेले पाणी ज्याची बोअर खोल त्याचेच होते.

हा हिशेब घरालाही लागू आहे. १,००० चौरस फूट गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ४६,००० लिटर पाणी पडते. चौथा हिस्सा वाया गेला तरी ३४,००० उरते. पहिला पाऊस सोडून द्यावा, पुढचे पाणी गाळून झाकलेल्या टाकीत घ्यावे. उजेड आणि कचरा शिरला की त्यात जीव होतात. टाकी भरल्यावर जास्तीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. अंगणाला उतार असेल तर आडवी दगडांची ओळ लावून तिच्याकडेने वाळा लावावा, त्याची मुळे माती धरतात.

चातुर्मासात आपण हिरव्या भाज्यांची मर्यादा घेतो. या वर्षी रोजच्या पाण्याचीही घेऊया. किती लिटर, ते ठरवून वहीत लिहूया. खर्चाची बाजू लिहिल्याशिवाय कुठलाच ताळेबंद जुळत नाही.