यावल परिसरातील हवा: धूर आणि राख

सातपुड्याचा पायथा ते तापीचे खोरे अशा पसरलेल्या यावल तालुक्यात धुराचा सर्वांत जुना उगम घरातली चूल हा होय. कापूस निघाला की पऱ्हाट्या आणि तुराट्या वर्षभराचे सरपण होत. त्या धुराची सर्वाधिक झळ स्वयंपाक करणाऱ्या बायकांना आणि लहान मुलांना बसली. प्रदूषणाच्या चर्चेत मात्र ती फार उशिरा आली. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तरी सिलिंडर महागला की चूल पुन्हा पेटते.

दुसरा उगम तापीपलीकडचा. भुसावळजवळ दीपनगरला 1968 च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. भारतीय कोळशात राख पुष्कळ असते. ती धुराड्यातून आणि राखेच्या तलावांतून उडते. हवा प्रदूषण कायदा 1981 मध्ये झाला. 1999 च्या अधिसूचनेने वीजकेंद्राच्या 50 किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणे बंधनकारक केले. यावल त्याच टापूत येते.

2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगाव शहराचा समावेश झाला. हा कार्यक्रम शहरांपुरताच आखलेला असल्याने यावलची खेडी त्याबाहेर राहिली.