बातमी, वकील आणि पक्षकार

मोफत विधी सहाय्याचा भारतातला इतिहास वाचू लागले की पत्रकार लवकरच भेटतात. 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणाला निमित्त झाल्या त्या बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयीच्या बातम्या. पुढे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पत्रकार शीला बारसे 15 महिला कैद्यांशी बोलल्या. त्यांपैकी 5 जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले आणि बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. अटकेची खबर पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच द्यावी, हा दंडक फेब्रुवारी 1983 च्या त्या निकालातला. अशा व्यवस्थेतल्या माणसाने वार्ताहराचा फोन आला की ‘माहिती देता येत नाही’ म्हणून तो ठेवून द्यावा का? या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी ही अडचण नीट समजून घ्यावी.

कारण त्याच निकालपत्राला दुसरी बाजू आहे. मारहाण झाल्याचे सांगणाऱ्यांपैकी दोघींची नावे त्यात छापलेली आहेत. आजही कायद्याचे विद्यार्थी ती वाचतात. त्या दोघींना कोणी विचारले होते का, हे निकालपत्रावरून कळत नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम त्याच वर्षी दंड संहितेत आले. मात्र कोठडीत नुसता मार खाल्लेल्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. तिच्यासाठी उरतो तो वकील आणि पक्षकार यांच्यातल्या विश्वासाचा जुना नियम. तो 1872 च्या पुरावा कायद्यात होता, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. पक्षकाराने स्पष्ट संमती दिल्याशिवाय वकिलाने तोंड उघडायचे नाही. वकीलपत्र संपले तरी बंधन संपत नाही. गुन्हा करण्यासाठीच घेतलेल्या सल्ल्याला अर्थातच हे संरक्षण नाही. बार कौन्सिलचे नियम आणखी पुढे जातात: आपण चालवत असलेल्या खटल्यावर वृत्तपत्रांतून मजकूर घडवून आणणे वकिलाला वर्ज्य आहे.

म्हणजे गुपित पक्षकाराचे, आणि ते उघडण्याचा अधिकारही त्याचाच. फाशीच्या कैद्यांच्या मुलाखतींबाबत प्रभा दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्रकाराला वाट दिली, तीही कैद्याची बोलायची तयारी असेल तरच. तत्त्व इतके सरळ आहे. गुंता होतो तो ‘तयारी’पाशी. फी भरणारा पक्षकार वकिलाला ‘नको’ म्हणू शकतो. फुकट वकील मिळालेल्या बाईला मात्र वाटते, साहेबांनी एवढे केले, आता फोटोला नाही कसे म्हणायचे? माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत कमी अभ्यासलेला प्रश्न हाच. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार कायद्याच्या अर्थाने संमती ठरेलही. पण विधी सेवेने त्यावर विसंबू नये.

कागदावरचे नियम पाळूनही ओळख फुटते, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ठाऊक असते. नाव वगळले, पण वाडी, वय आणि शाळेची इयत्ता दिली की गावाला सगळे कळते. निपुण सक्सेना प्रकरणात 2018 मध्ये न्यायालयाने नेमके हेच बजावले: ज्यावरून ओळख पटू शकेल असे काहीच छापू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना मिळणाऱ्या मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याचा तर समारंभ करण्याचा विचारही मनात आणू नये. (वार्षिक अहवालातल्या ‘यशोगाथा’ही याच निकषावर एकदा वाचून पाहाव्यात.) अमुक व्यक्ती आपली पक्षकार आहे की नाही, याला दुजोरा देणे हीसुद्धा माहितीच; मदतीसाठी कार्यालयात येणे हेच कित्येकींनी घरापासून लपवलेले असते.

वार्ताहराला सांगण्यासारखे तरीही पुष्कळ असते: मोफत वकील कोणाला मिळतो, अर्ज कुठे करायचा, 15100 हा क्रमांक कशासाठी, लोक अदालतीत किती प्रकरणे मिटली. खुल्या न्यायालयात झालेला आदेश तर सार्वजनिकच. मात्र कौटुंबिक व पोक्सोच्या प्रकरणांत आणि बंद दाराआडच्या सुनावणीत ही मोकळीक धरून चालू नये.

काही प्रश्न अजून उघडे आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सचिव न्यायिक अधिकारी असतो. त्याचे मौन वकिलाच्या मौनाहून वेगळ्या कारणाचे. कलम 132 दुभाषाला आणि वकिलाच्या कारकुनाला बांधते. पण पाड्यावर जाऊन बाईची हकिकत पहिल्यांदा ऐकणारा विधी स्वयंसेवक वकिलाचा नोकर नसतो. त्याला उद्या न्यायालयाने साक्षीला बोलावले, तर तो कोणत्या कलमाचा आधार घेईल?