समुद्री गवत आणि मुळशीचे भातखाचर

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, फुले, फळे येतात आणि ते हरळीसारखे जमिनीखालच्या खोडाने पसरते. पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांच्या चिखलात हॅलोफिला बेकारी ही बुटकी जात आढळते. लहान मासे, कोळंबी अशा गवतात वाढतात.

मुळशीला समुद्र नाही, तरी संबंध आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा वीजगृहातून कुंडलिका नदीत उतरते आणि रेवदंड्याच्या खाडीत जाते. गाळ बराचसा धरणातच बसतो. विरघळलेले नत्र मात्र बसत नाही. नत्र फार वाढले की पानांवर शेवाळ चढते, ऊन मिळत नाही आणि गवत मरते. तमिळनाडूत पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींना दोऱ्या बांधून हे गवत पुन्हा लावले गेले आहे. पण पाणी सुधारल्याशिवाय अशी लागवड टिकत नाही, म्हणून काम वरूनच सुरू करावे लागते.

तुमचे खाचर धरणाच्या वरच्या अंगाला असेल, तर साचलेल्या पाण्यात युरिया फेकू नका. चारसूत्री पद्धतीने लावणी करा आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल खोचा. खत मुळाशी राहते, युरियाही कमी लागतो. खोचल्यावर काही दिवस बांध फोडून पाणी सोडू नका.